तीन पानांची फट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी मोर्शीचा. आयटीआयमध्ये मुलांना डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात नोकरी झाली आणि उरलेला वेळ संत्र्याच्या बागेत गेला. इंजिन आणि मोटरची घरच्या घरी देखभाल कशी करावी, यावर बोला असं मला सांगण्यात आलं. माझ्याकडून तुमची अपेक्षा विहिरीवरच्या गोष्टींची असणार. त्या सांगणारच आहे. पण सुरुवात करतो समुद्रापासून. समुद्र आमच्यापासून पाच-सहाशे किलोमीटर दूर. आमचं मोठं पाणी म्हणजे सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणामागे पसरलेला नल-दमयंती सागर. तरी ही गोष्ट परकी नाही, कारण ती ज्या नावेची आहे ती नाव मुंबईत बांधलेली होती.

नावेचं नाव सुहैली. लांबी जेमतेम 32 फूट, लाकूड सागवानी. मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि सामता चालवून ती घडवली आणि 1964 मध्ये ती पाण्यात उतरली. मालक होता रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा व्यापारी जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी. 1968 साली इंग्लंडच्या एका वृत्तपत्राने स्पर्धा जाहीर केली. एकट्याने, कुठल्याही बंदराला न लागता, शिडाच्या नावेतून पृथ्वीला फेरी मारायची. नऊ जण निघाले. पूर्ण करून परतला तो एकटा नॉक्स-जॉन्स्टन, 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, आपल्या मुंबईच्या नावेतून.

आता कोणी विचारेल, शिडाच्या नावेत इंजिनचं काय काम? काम असतं. बंदरातून आत-बाहेर करताना, वारा पडल्यावर छोटं इंजिन लागतं. रात्री दिवा लागतो, रेडिओ लागतो, म्हणजे बॅटरी आली. बॅटरी आली म्हणजे ती भरणारं यंत्र आलं. आणि समुद्रावर मिस्त्री नाही, सुट्या भागांचं दुकान नाही. खारी हवा तारेचं तांबं हिरवं करते, रबरी नळ्या कडक होतात. जुन्या नावेचा मालक अर्धा खलाशी आणि अर्धा मिस्त्री असावाच लागतो.

माप माहीत होतं

तर झालं असं, की सुहैलीवरचा बॅटरी भरण्याचा छोटा सेट बंद पडला. मॅग्नेटोचा दोष होता. मॅग्नेटोतल्या दोन टोकांमध्ये ठरावीक फट लागते, बारा ते पंधरा हजारांश इंच. आपले मिस्त्री ‘थाऊ’ म्हणतात ते हेच. ही फट मोजायला फिलर गेज नावाच्या पोलादी पात्या असतात. त्या तो घरीच विसरला होता. मग त्याने काय केलं? नावेवर पुस्तकं होती. एका पुस्तकाची 200 पानं एक इंचात बसतात, हे त्याने मोजून काढलं. म्हणजे एक पान पाच हजारांश. तीन पानं एकत्र धरली की पंधरा. तीन पानांची जाडी फटीत बसवून त्याने मॅग्नेटो जुळवला.

मी वर्गात ही गोष्ट दर वर्षी सांगायचो. मुलं हसायची, टाळ्या वाजवायची. मग मी विचारायचो, यात हुशारी कोणती? बहुतेकांचं उत्तर असे, पानांची युक्ती. माझं उत्तर वेगळं आहे. त्याच्याकडे मोजायचं साधन नव्हतं, पण माप माहीत होतं. पंधरा हजारांश हा आकडा डोक्यात नसता तर साऱ्या ग्रंथालयाची पानंही उपयोगाची नव्हती. आपल्याकडे नेमकं उलट असतं. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर सगळं झोपडीत टांगलेलं असतं, पण आपल्या मोटरच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलंय, हे दहातल्या आठांना सांगता येत नाही.

आपल्या मराठी माणसानेही हा पल्ला गाठला आहे. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ नावेतून एकटे निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. ती नाव गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली होती. नाव बांधली जात असताना दोंदे तिच्याबरोबर होते. यंत्र उघडं असताना ज्याने पाहिलं, त्याला ते मिटल्यावरही आतलं दिसतं. म्हणून माझं सांगणं असतं, मिस्त्री तुमचं इंजिन खोलतो तेव्हा चहा सांगायला जाऊ नका. शेजारी बसा आणि पाहा.

एप्रिलची बाग

तुम्ही म्हणाल, सर, समुद्रावर मिस्त्री नसतो, मोर्शीत तर गल्लीत आहे. खरं आहे. पण एप्रिल-मे आठवा. आंबिया बहाराची फळं बोरा-लिंबाएवढी झालेली. ऊन पंचेचाळीसला टेकलेलं. त्या दिवसांत आठ दिवस पाणी तुटलं की सकाळी झाडाखाली हिरव्या फळांचा सडा दिसतो. आणि त्याच दिवसांत सगळ्यांच्याच मोटरी जळतात. वाइंडरच्या दुकानात मोटरींची रांग लागते. माझा एक जुना विद्यार्थी असाच एकदा दारात आला. म्हणाला, “सर, मिस्तरी चार दिवस येत नाही म्हणते. चार दिवसांत बाग हातची जाते जी.” त्या चार दिवसांपुरता तोही भर समुद्रातच होता.

मी त्याच्याबरोबर गेलो. ऑइल इंजिन होतं, जुनं, पाच हॉर्सपॉवरचं. हँडल मारलं की फुसफुस करी आणि गप्प होई. दोष काहीच नव्हता. डिझेल संपेपर्यंत चालवलं होतं आणि नळीत हवा शिरली होती. पाण्याच्या नळात हवा अडकते तसंच हे. टाकी भरली, फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल केला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. स्क्रू आवळला. पुढे पंपाच्या ठिकाणी तेच केलं. मग नॉझलच्या नळीचं नट थोडं सैल करून हँडल मारलं, तिथे डिझेल दिसताच आवळलं. तिसऱ्या हँडलला इंजिन बोललं. वीस मिनिटांचं काम. त्यासाठी तो चार दिवस थांबणार होता.

एक इशारा इथेच देतो. नॉझल बाहेर काढून त्याची पिचकारी कधी हातावर घेऊन पाहू नका. तो फवारा इतक्या दाबाचा असतो की कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमावण्याची पाळी येते.

इंजिन काय मागतं

डिझेल इंजिनच्या मागण्या चार. स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, योग्य तेल आणि थंडावा. नावेतलं असो की बागेतलं, यात फरक नाही.

हवेचं सांगायचं तर बहुतेक जुन्या इंजिनांवर तेलाच्या वाटीचा एअर फिल्टर असतो. नांगरटीच्या दिवसांत ती वाटी चिखलाने भरते. वाटी काढा, रॉकेल किंवा डिझेलने धुवा, खुणेपर्यंत तेल भरा. धूळ आत गेली की लायनर आणि रिंगा सहाणेवर घासल्यासारख्या झिजतात. फिल्टरला पैसे लागत नाहीत, लायनरला लागतात.

डिझेल गाळून भरा. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवा, अर्धी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या हवेचं दव होतं आणि पाणी तळाशी बसतं. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते आधी पंपात जातं.

तेलाची पट्टी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहायची, सुरू असताना नाही. तेल किती तासांनी बदलायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. पण तास मोजतो कोण? नावेवर लॉगबुक असतं, रोजची नोंद. तशी एक शंभर पानी वही झोपडीत खिळ्याला टांगा. आज किती तास चाललं, तेल कधी बदललं, पट्टा कधी घातला. माझ्या वहीचा मला सर्वात मोठा उपयोग झाला तो आठवणीला शिस्त लागण्याचा. ‘आत्ताच तर बदललं होतं’ असं आपण म्हणतो आणि वही उघडली की ‘आत्ता’ला दीड वर्ष झालेलं असतं.

थंडाव्याची गंमत ऐका. नावेचं इंजिन समुद्राचं पाणी ओढतं आणि धुरासोबत मागून फेकतं. म्हणून खलाशी इंजिन सुरू करताच आधी मागे वाकून पाहतो, पाणी पडतंय का? पडत नसेल तर लगेच बंद. बहुधा आतला रबरी पंखा फाटलेला असतो, नाहीतर जाळीत कचरा अडकलेला असतो. आपल्या विहिरीवरच्या इंजिनला पंपाच्याच पाण्याची बारीक नळी जोडलेली असते. तिची धार पाहा. हात लावून पाहा. कोमट-गरम असावी, चटका देणारी नसावी. धार बारीक झाली तर नळी गाळाने भरली समजा.

आणि धूर वाचायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा ओझं जास्त. निळा म्हणजे इंजिन तेल पितंय. पांढरा म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत येतंय. डॉक्टर जीभ पाहतो, तसा इंजिनचा धूर पाहावा.

वीज: इथे घाई नको

आता बहुतेकांकडे इंजिन झोपडीच्या कोपऱ्यात धूळ खात असतं. विहिरी आटल्या, बोअर खोल गेले आणि पाण्यातल्या मोटरी आल्या. म्हणून विजेकडे वळतो.

थ्री फेज मोटर जळण्याचं मोठं कारण म्हणजे एक फेज जाणं. डीपीवरचा एक फ्यूज गेला की मोटर उरलेल्या दोन फेजवर रखडते. आवाज बदलतो, घुमल्यासारखा येतो, करंट वाढतो आणि थोड्याच वेळात वार्निश जळाल्याचा वास येतो. हे रोखायला स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असते, सोबत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवता येतो. पण आपण काय करतो? रिले सारखी पडते म्हणून तिच्यात काडी खुपसतो. राखणदार भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधायचं आणि मग चोरी झाली म्हणून रडायचं, त्यातलाच हा प्रकार. रिले पडते तेव्हा ती काहीतरी सांगत असते. पाटीवरचा अँपिअर वाचा, रिले त्या आकड्यावर लावा. वायरमनकडे टाँग टेस्टर असतो. वर्षातून दोनदा तिन्ही तारांचा करंट मोजून वहीत लिहून ठेवा. पाण्यातली मोटर दिसत नाही, तिची नाडी एवढीच.

स्टार्टरजवळचं कुठलंही काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करा आणि तिन्ही फ्यूज काढून खिशात घाला. तुम्ही काम करत असताना दुसरा कोणी येऊन स्विच टाकू शकतो. फ्यूज तुमच्या खिशात असतील तर त्याला टाकता येणार नाही. ज्यांनी रात्रीच्या विजेसाठी ऑटो स्विच बसवलेत, त्यांनी तर हे विसरूच नये. वीज आली की मोटर आपोआप फिरते, तुमचा हात कुठे आहे हे ती विचारत नाही.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती मी वर्गात फारशी सांगितली नाही. माझ्याच बागेतली आहे. पावसाळ्यात डवरणी सुरू असताना डवऱ्याच्या फासात अडकून स्टार्टरच्या अर्थिंगची तार तुटली. मी पाहिलं. दुसऱ्यांना शिकवणारा माणूस मी, मला त्याचा अर्थ कळत नव्हता असं नाही. मी म्हटलं, रविवारी बघू. स्टार्टरची लोखंडी पेटी अँगलवर बसवलेली होती. आतल्या एका तारेचं आवरण पेटीच्या कडेवर घासून घासून उघडं पडलं होतं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी पाऊस झाला. शनिवारी सकाळी आमच्या जोडीतला एक बैल अंग खाजवायला त्या अँगलला टेकला आणि तिथेच पडला. तो पुन्हा उठला नाही.

सगळे बैलाभोवती जमले होते. मी पेटीकडे पाहत होतो. त्याच सकाळी, अर्ध्या तासापूर्वी, माझ्या मुलाने त्या पेटीचं हिरवं बटण दाबलं होतं. पायात रबरी चप्पल होती म्हणून तो वाचला, असंच मी मानतो. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. एक हात तार जोडायची राहिली होती, तिची किंमत पन्नास रुपयेसुद्धा नव्हती. बैलाच्या मालकीचं दुःख आटतं हो, पण ‘रविवारी बघू’ हे शब्द माझ्या कानातून गेले नाहीत.

म्हणून सांगतो, अर्थिंग. नुसती तार ओल्या मातीत खुपसली म्हणजे अर्थिंग झालं नाही. खोल खड्डा, त्यात पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी. खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. दर पावसाळ्याआधी वायरमनकडून ते तपासून घ्या. शक्य असेल त्यांनी गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. माणसाला मारायला थोडा करंट पुरतो, तेवढ्याने साधा फ्यूज उडत नाही. आणि डीपीवर स्वतः चढायचं नाही. कितीही लाईन गेलेली असो, बाग कितीही सुकत असो. ते लाईनमनचं काम आहे.

ज्यांच्याकडे आता सौर पंप आलेत, त्यांनाही दोन शब्द. पॅनेल सकाळी लवकर, ती थंड असताना पाण्याने पुसा. धुळीने पाणी कमी होतं. पण तारांच्या जोडांना हात लावू नका. डीपीची वीज जाते, सूर्याची जात नाही. ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारा जिवंतच असतात. कंट्रोलर उघडू नका, हमीच्या काळात ते काम पुरवठादाराकडून करून घ्या.

बॅटरी आणि डोळा

शेवटचा मुद्दा बॅटरीचा, आणि त्यासाठी पुन्हा सुहैलीवर जाऊ. तोच नॉक्स-जॉन्स्टन, तीन पानांची फट मोजणारा, एकदा डोलत्या नावेत बॅटरी तपासत होता. आतलं आम्ल उडून त्याच्या डोळ्यात गेलं. डोळा जाईल या भीतीने त्याने प्रवास सोडून बंदराला लागण्याचा विचार केला. डोळा वाचला. पण एवढा जाणता माणूसही एका क्षणाला चुकला, हे आपण ध्यानात ठेवावं.

ट्रॅक्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचं नाही. पातळी प्लेटा बुडतील एवढी. तारा काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. टोकांवरची पांढरी बुरशी कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडी करा, वर थोडं व्हॅसलीन लावा. बॅटरीवर वाकून बिडी ओढायची नाही, चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो. चष्मा लावा, साधा असला तरी चालेल. डोळ्यात उडालंच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं सलग धुवा आणि दवाखाना गाठा. जवळ पाण्याची बादली आधीच भरून ठेवलेली बरी.

खलाशी इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी ठेवतो आणि दिव्यांची वेगळी. आपण ट्रॅक्टर उभा करून रात्रभर गाणी वाजवतो आणि सकाळी चौघांना धक्का मारायला बोलावतो. तेवढं तरी टाळता येईल.

श्रोतेहो, मी मिस्त्रीच्या पोटावर पाय आणायला आलेलो नाही. नॉझलचा दाब, पंपाचं कॅलिब्रेशन, मोटरचं वाइंडिंग ही त्याचीच कामं आहेत, ती त्यालाच द्या. पण वाटी धुणं, हवा काढणं, पट्टी पाहणं, पाटी वाचणं, अर्थिंगची तार न्याहाळणं यांना मिस्त्री लागत नाही. आठवड्यातून पाव तास लागतो. आजचा दिवस रविवार आहे असं समजा आणि एकदा पेटीपर्यंत जाऊन या. तार तुटलेली दिसली तर काय म्हणायचं नाही, ते मी सांगितलंच आहे.